रोज साखळी–वेर्णा, रविवारी चोरला: एन लाइन घ्यावी की अल्ट्रोझ रेसर?

साखळीकर

नमस्कार मंडळी. दोन वापरलेल्या गाड्यांपाशी घोडं अडलं आहे. दोन्ही मॅन्युअल, दोन्ही एकाच हातातल्या, आणि मालक सांगतात त्या किमतींत फारसा फरक नाही.

पहिली ह्युंदाई आय२० एन लाइन, एन८ व्हेरिएंट, फेसलिफ्टनंतरची (म्हणजे रूप बदलून आलेली), सहा गिअरवाली. पासिंग जीए-०३, गाडी म्हापशाला आहे. दुसरी टाटा अल्ट्रोझ रेसर, आर३ व्हेरिएंट, २०२४ची, पासिंग एमएच-०९, गाडी कोल्हापूरला.

रोजचा प्रवास गोव्यातच, साखळी ते वेर्णा, बाणस्तारी–बांबोळी–झुआरी पुलावरून. ये-जा मिळून ८०-९० किमी. महिन्यातून दोनदा तरी चोरला घाटातून बेळगाव. घरात वयस्क माणसं आहेत, ती मागच्या सीटवर बसतात. गाडी चालवायला मजा यावी ही अट आहेच, नाहीतर साधी हॅचबॅक घेतली असती.

कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर पुढची पाच वर्षं तिच्यासोबत कशी काढावी? ब्रोशरमधले आकडे पाठ आहेत, त्यांच्या पलीकडचं सांगा.

---

घाटवळण

साखळीकर बाब, आकड्यांवर भांडण होऊच शकत नाही. ताकद १२० पीएसला १२० पीएस, टॉर्क (ओढ) १७२ न्यूटन-मीटरला १७०. एन लाइनमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं थेट इंजेक्शनवालं टर्बो, रेसरमध्ये ११९९ सीसीचं, तेही तीन सिलिंडरचं टर्बो, पण पेट्रोल पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या हवेच्या वाटेत, फवारणारं. फरक पडतो तो ही ताकद रस्त्यावर कशी उतरते आणि गाडी थांबते कशी, इथे.

तुमच्या वापराला माझं मत एन लाइनच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण चोरला.

घाटाच्या पायथ्याच्या केरीच्या वर जिथे वळणं एकावर एक येतात तिथे तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये खेळत असता. एन लाइनचं स्टिअरिंग साध्या आय२०पेक्षा जड केलेलं आहे, सस्पेन्शन कडक केलेलं आहे, आणि चारही चाकांना डिस्क (उघड्या चकतीचे) ब्रेक आहेत. रेसरला मागे ड्रम (बंद डब्याचे) ब्रेक. आता हे नीट समजून घ्या: थांबवण्याचं बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात, त्यामुळे ड्रममुळे गाडी थांबत नाही असं मुळीच नाही. पण घाट उतरताना वारंवार ब्रेक मारल्यावर ड्रममधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि पेडलचा स्पर्श बदलत जातो. डिस्कमध्ये तो जास्त वेळ सारखा राहतो.

रेसरच घेतलीत तर चोरला उतरताना सुरुवातीलाच दुसरा गिअर टाका, वेग इंजिनवर धरा आणि वळणाआधी एकदाच ठाम ब्रेक मारून पाय सोडा. पाय सतत टेकवून ठेवला की ब्रेक तापलेच म्हणून समजा. एन लाइनलाही हेच लागू आहे, फक्त ती चूक थोडी जास्त सहन करते.

टायरचा हिशेबही बघा. एन लाइनला १९५/५५ आर१६, म्हणजे रुंदी १९५ मिमी, भिंत तिच्या ५५ टक्के (साधारण १०७ मिमी) आणि रिम १६ इंची. रेसरला १८५/६० आर१६, भिंत १११ मिमी. चार मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात, पण कणकुंबी–जांबोटी पट्ट्यात पावसानंतर जे खड्डे पडतात त्यात रिम वाचण्याची थोडी जास्त शक्यता रेसरला आहे. उलट वळणात १० मिमी जास्त रुंदीचा फायदा एन लाइनला.

---

माशेलचा मेकॅनिक

वरचं सगळं पटलं, तरी मी रेसरच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो, कारण वापर महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर जाणार आहे.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ते कधी पडतच नाही, म्हणून ती पाठ धुतली जात नाही. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) येणारी तेलाची वाफ तिथे बसते, भाजते आणि कार्बनचा थर चढतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलची फवारणी हा थर बऱ्यापैकी धुऊन काढते. साधारण ६०-८० हजार किलोमीटरनंतर थेट इंजेक्शनच्या गाड्यांत सकाळी थंड इंजिन थरथरणं, आयडलला मधूनच मिसफायर, पिकअप जरा बोथट होणं अशी लक्षणं दिसू शकतात. तुम्ही वर्षाला २५ हजारच्या आसपास चालवणार, म्हणजे तीन वर्षांत त्या टप्प्यावर. पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधं तिथे काही करत नाहीत, कारण तो द्रव व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने ब्लास्टिंग करावं लागतं. हे काम करणारा माणूस आधी शोधून ठेवा, सगळीकडे मिळत नाही. बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून थर किती आहे ते आधी बघता येतं, उगाच उघडू नका.

दुसरी गोष्ट मागच्या सीटची. अल्ट्रोझचे दरवाजे ९० अंशांत उघडतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतार करताना याचा फार उपयोग होतो, आणि तुमच्या घरात रोज हाच प्रश्न येणार आहे. एन लाइनचं कडक सस्पेन्शन मागच्या सीटवर जास्त जाणवतं. आई-वडिलांना दोन्ही गाड्यांत मागे बसवून एक चक्कर मारा, शक्यतो खराब रस्त्यावर. तो निर्णय त्यांच्या पाठीला घेऊ द्या.

पार्ट्सची काळजी दोन्हींत सारखीच. रेसरचं इंजिन नेक्सॉनच्या घरातलं, एन लाइनचं व्हेन्यू टर्बोच्या. फिल्टर, प्लग, कॉइल, क्लच मिळायला अडचण नाही. अडेल ते बाहेरचं: एन लाइनचा बंपर, दोन तोंडांचा सायलेन्सर, रेसरचे पट्टे आणि आतली नारिंगी सजावट. धक्का लागला तर वाट बघावी लागते.

---

घाटवळण

कार्बनचं बरोबर, पण त्या भीतीने गाडी सोडू नये. लांब पल्ल्याचा, इंजिन पूर्ण तापू देणारा वापर आहे, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या नाहीत. थर चढेल, पण निदान तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ होण्याचा त्रास कमी राहील.

सुरक्षेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अल्ट्रोझला २०२०मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) प्रौढांसाठी ५ तारे दिले. आय२०ला २०२२मध्ये ३ मिळाले. त्या दोन्ही चाचण्या दोन एअरबॅगवाल्या गाड्यांच्या. तुम्ही बघताय त्या दोन्हींत सहा आहेत, पण सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. हा मुद्दा मी माझ्या पसंतीच्या विरोधात मांडतोय आणि तो वजनदार आहे.

---

ओबीडी वाला

मॉडेलची चर्चा चालू दे, पण तुम्ही मॉडेल विकत घेत नाही, एक विशिष्ट गाडी घेताय. या दोघींपैकी जी चांगल्या अवस्थेत असेल ती घ्या. टर्बो हॅचबॅकचे आधीचे मालक बहुतेक वेळा हौशी असतात, म्हणून तपासणी जास्त कडक हवी.

मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि पहिल्या मिनिटाची थरथर हीच सगळ्यात मोलाची माहिती असते.

गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावा. फक्त एरर कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. का, ते विचारा. ईसीयू रिमॅप केलेला आहे का (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलला आहे का) हेही सरळ विचारा आणि व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. रिमॅप काढून पुन्हा मूळ फाइल घातली तरी क्लच आणि टर्बोने जे सोसलं ते परत येत नाही.

क्लच असा तपासा: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. त्याचे पैसे किमतीतून वजा करा.

इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) होजपाइपांचे सांधे हाताने चाचपा. तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, थेंब लोंबत असतील तर चालत नाही.

मग पुराची तपासणी. जीए असो वा एमएच, दोन्हींना लागू, कोल्हापूरच्या गाडीला तर हमखास करा. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. चिखलाची रेघ आतल्या टोकाला सापडते, कारण तिथे कोणी धूत नाही. स्टेपनीचा खळगा, सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा फोम दाबून बघा. समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीत सायलेन्सरचे सांधे, सस्पेन्शनचे बोल्ट आणि ब्रेक पाइपच्या जोडण्या टॉर्च मारून बघा. वरवरचा तांबूस थर निराळा, पापुद्रे सुटणारा गंज निराळा.

टायरवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या तारखांचे असतील तर कारण विचारा.

---

साखळीकर

फार उपयोगी. आई-वडिलांना दोन्ही गाड्यांत बसवतो. पण दोन शंका आहेत. एन लाइन घेतली तर १९५ऐवजी २०५/५५ आर१६ टाकू का? आणि कोल्हापूरची गाडी इकडे आणायची तर कागदपत्रं कशी?

---

माशेलचा मेकॅनिक

२०५/५५चा व्यास साधारण ६३२ मिमी, मूळ टायरचा ६२१. पावणेदोन टक्के मोठा. बसेल, स्पीडोमीटर किंचित कमी दाखवेल, रिमला थोडं जास्त संरक्षण मिळेल, पिकअप कणभर सुस्तावेल. पण माझा सल्ला, मूळ मापच ठेवा आणि पैसे चांगल्या ओल्या-पकडीच्या टायरवर घाला. कायदा १.६ मिमी खोलीपर्यंत चालवतो. गोव्याच्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर जूनच्या आधी बदलावा, कारण झुआरी पुलाच्या पोचरस्त्यावर साचलेल्या पाण्यात चाक तरंगतं ते याच टप्प्यापासून.

आणि पुढच्या पाच वर्षांचं म्हणाल तर हे पाळा:

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर तसं छापलेलं असतं), दर ७,५०० किमीला. छोट्या टर्बोला कमी आरपीएमवर रेटलं तर इंधन ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनला इजा होते. एसपी दर्जाचं तेल त्याविरुद्ध बनवलेलं असतं. तरी सवयही हवी: चढावर १५०० आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून धरू नका, खालचा गिअर टाका.

घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करू नका. शेवटचा एक किलोमीटर हळू चालवा, मग अर्धा मिनिट आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच भाजून घट्ट होऊ नये म्हणून.

ब्रेक फ्लुइड डॉट ४. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: नव्याचा किमान २३०, ओल धरलेल्याचा १५५ अंश. आपल्याकडच्या दमट हवेत आणि तुमच्या घाटाच्या वापरात दोन वर्षांच्या पुढे नेऊ नका. पूर्ण बदलायला एक लिटर घेऊन ठेवा.

एन लाइनच्या मागच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना पावसाळ्यानंतर काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की आतला पॅड झिजतो आणि बाहेरून बघणाऱ्याला पॅड भरपूर दिसतो. रेसर असेल तर ड्रम उघडून आत बसलेली चिऱ्याची लाल धूळ झाडा. जाम झालेला हँडब्रेक टाळायचा तर पावसात दोन-तीन दिवस गाडी उभी राहणार असेल तेव्हा सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

---

ओबीडी वाला

कागदपत्रांचं मी सांगतो. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ने बोजा उतरवायचा. मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ची एनओसी (ना-हरकत दाखला). विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. गोव्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन क्रमांकासाठी फॉर्म २७, आणि गोव्याचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो वेळेवर हातात पडेल असं गृहीत धरून बजेट आखू नका. हा खर्च आधी साखळीच्या जवळच्या आरटीओत विचारून कोल्हापूरच्या किमतीत मिळवा आणि मगच दोन्ही गाड्यांची तुलना करा. माझ्या अंदाजाने तिथेच म्हापशाची गाडी पुढे निघेल.

विमा हस्तांतराचा अर्ज १४ दिवसांच्या आत. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. इंजिन प्रोटेक्ट हे जोडकव्हर घ्याच. पाणी आत ओढून इंजिन अडकलं तर साधी झीरो-डेप (पार्ट्सचा घसारा न कापणारी) पॉलिसी ते देत नाही.

---

घाटवळण

आणि घेतल्यावर पहिलं वर्ष गाडीला मूळ स्थितीतच ठेवा. सायलेन्सर, स्प्रिंग, रिमॅप, कशालाच हात नको. चारी टायर, ताजं ब्रेक फ्लुइड आणि व्हील अलाइनमेंट एवढं झालं की दोन्हींपैकी कोणतीही गाडी केरीच्या वर तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त चांगली निघते. म्हापशाच्या गाडीची सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या वर्कशॉपमधून चासिस नंबरवर काढा आणि इथे टाका, बघून सांगतो.