मुलं नायक असलेला भुताचा सिनेमा मुलांनीच का बघू नये?

घोडबंदरकर

मे महिन्यात आमच्या सोसायटीत गच्चीवर मुलांसाठी सिनेमा लावतात. यंदा मी 'मकडी' सुचवला. विशाल भारद्वाजांचा २००२ चा सिनेमा, चुन्नी-मुन्नी या जुळ्या बहिणींच्या दोन्ही भूमिका श्वेता बसू प्रसादने केलेल्या, आणि गावाबाहेरच्या वाड्यातली चेटकीण म्हणजे शबाना आझमी. ग्रुपवर लगेच विरोध सुरू झाला. "लहान मुलं आहेत, भुताखेताचं कशाला?" शेवटी बोलक्या प्राण्यांचं कार्टून लावलं आणि मोठी पोरं अर्ध्यातून उठून सायकली घेऊन खाली गेली.

मला हा विरोध पटलेला नाही, म्हणून हा धागा. ज्या भयपटात मुलं नायक असतात तो बहुतेक वेळा मुलांची बाजू घेतो. चुन्नीच्या खोडीपायी मुन्नी वाड्यात जाते, चेटकीण तिची कोंबडी करते आणि बहिणीच्या बदल्यात शंभर कोंबड्या मागते. आता हे निस्तरायचं कोणी? चुन्नीनेच. खोडी अंगाशी आल्यावर पोटात जो गोळा येतो तो दहा वर्षांच्या मुलाला चांगला ठाऊक असतो. आपणच विसरलेलो असतो.

१९९९ चा 'द सिक्स्थ सेन्स' घ्या. त्यातल्या कोल या लहान मुलाला मेलेली माणसं दिसतात आणि हे तो आईपासून लपवतो, कारण बाकीचे बघतात तसं तिनेही आपल्याकडे बघू नये असं त्याला वाटतं. शेवटाकडे दोघं गाडीत अडकलेले असतात, पुढे अपघात झालेला असतो आणि तिथे तो एकदाचं सांगतो. आजी भेटायला येते म्हणतो. आईने आजीच्या समाधीवर जाऊन जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तो आजीच्या वतीने देतो. त्या वेळी आईचा चेहरा बघा. भूत बाजूला राहतं, मायलेकांचं बोलणं सुरू होतं. आपल्या पोरांच्या मनातही घरी न सांगितलेलं काही असू शकतं. शिकवणीतल्या कोणाबद्दल, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कोणाबद्दल. "काहीतरीच काय बोलतोस, झोप" हे वाक्य पडद्यावर ऐकलं की ते आपल्याच घरातलं आहे हे मुलांना कळतं. आपल्यालाही कळावं.

सीवूडची आई

'मकडी'ला मी विरोध केला नसता. पण 'भयपट मुलांची बाजू घेतो' हे सरसकट विधान मला मान्य नाही. आपोआप हलणारा झोपाळा, कोपऱ्याकडे बघून एकटंच बोलणारं पोर, चित्रकलेच्या वहीत काळी आकृती काढणारी मुलगी. या सगळ्यात मूल नायक कुठे आहे? ते मोठ्यांना घाबरवायचं साधन आहे. गोंडस चेहरा आहे म्हणून त्याच्यामागून काहीतरी भयंकर येऊ द्यायचं, एवढंच. तुम्ही दोन चांगली उदाहरणं दिलीत. पोस्टरवर लहान मूल असलेल्या सिनेमांचा ढीग त्यापलीकडे पडलाय.

गच्चीवरचा अनुभव मलाही आहे. सिनेमा बारा वर्षांच्यांसाठी म्हणून लावतात आणि बहिणीबरोबर चार वर्षांचा भाऊ येतोच. तो पुढच्या सतरंजीवर बसतो, पाय पोटाशी घेतो, तोंडावर हात ठेवतो आणि बोटांच्या फटीतून बघत राहतो. उठून जात नाही, कारण ताई हसेल. माझा धाकटा असाच एक सिनेमा बघून आला. त्यानंतर बाथरूमला जाताना कोणीतरी दाराशी उभं राहायचं, रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवायचा, असं पुष्कळ दिवस चाललं. सिनेमा निवडणारे काका त्या रात्री आमच्या घरी जागे नव्हते.

कळव्याचा मास्तर

माझा आक्षेप झोपेचा नाही, विचारांचा आहे. 'मकडी'तली चेटकीण शेवटी लबाड बाई निघते. वाड्यातल्या गुप्तधनासाठी तिने गावाला घाबरवून ठेवलेलं असतं. तो सिनेमा मी वर्गात स्वतः लावीन. पण भूत खरंच निघतं अशा सिनेमांत "असं काही नसतं" म्हणणारा माणूस दर वेळी मूर्ख ठरतो. डॉक्टर मूर्ख, शिक्षक मूर्ख, वडील मूर्ख. अंगारा देणारा तेवढा शहाणा. दाभोलकरांचा खून झाला २० ऑगस्ट २०१३ ला, जादूटोणाविरोधी कायदा आला त्याच वर्षी. इतकी किंमत मोजून या राज्याने जे कमावलं ते सातवीतल्या पोरासमोर दोन तासांत उलटं करून दाखवायचं? भानामतीच्या गोष्टी खऱ्या मानणारी मुलं माझ्या वर्गात आजही आहेत. त्यांना भूत म्हणजे रूपक वगैरे काही वाटत नाही.

घोडबंदरकर

मास्तर, मुद्दा वजनदार आहे. पण भूत खरं असलं की सिनेमा अंधश्रद्धाळू, हे गणित मला पटत नाही. गिलेर्मो देल तोरोचा 'द डेव्हिल्स बॅकबोन' (२००१) बघा. स्पेनमधलं यादवी युद्ध संपत आलंय, एका अनाथाश्रमाच्या अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतून बसलाय आणि कार्लोस या नव्या मुलाला तिथे सांती नावाच्या मुलाचं भूत दिसतं. भूत खरं आहे. पण पोरांच्या जिवावर उठतो तो जिवंत माणूस, सोन्यासाठी काहीही करायला तयार असलेला हासिंतो. सांतीलाही त्यानेच मारलेलं असतं. इथे अंगारा नाही की मांत्रिक नाही. एका मुलाला मारून त्याचं नाव पुसलं गेलं, ते दुसरी मुलं पुढे आणतात. यात विवेकाला धक्का कुठे लागतो? (हा लहानांना दाखवा असं मी म्हणत नाही, सोळा-सतराच्या पोरांना जरूर दाखवा.)

तलावपाळी

मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. नाट्यगृहात पोरं किंचाळतात, आईच्या कुशीत तोंड लपवतात आणि मध्यंतरात वडा खाताना चिंचीची नक्कल करतात. चेटकिणीची भीती मुलांना आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय. फक्त तेव्हा शेजारी कोणीतरी बसलेलं असतं. मोबाइलवर पांघरुणात एकट्याने बघितलेला भयपट मला जास्त घातक वाटतो.

ऐरोली सेक्टर ५

घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर काम करतो, म्हणून बघणाऱ्या मुलांइतकीच मला काम करणाऱ्या मुलांची काळजी आहे. बालकामगार कायद्यात २०१६ ला बदल झाला, २०१७ ला नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. हे सगळं उत्तम आहे, पण तास मोजता येतात, भीती मोजता येत नाही. 'द शायनिंग' या भयपटाच्या (१९८०) वेळी त्यातला बालकलाकार डॅनी लॉइड इतका लहान होता की आपण भयपटात काम करतोय हे दिग्दर्शक क्युब्रिकने त्याला कळूच दिलं नाही. त्याच्या लेखी ती हॉटेलात राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट होती. मला ही पद्धत योग्य वाटते. रडण्याचा शॉट हवा म्हणून पोराला खरंच घाबरवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्या वेळी सेटवर कोणी तोंड उघडत नाही.

अजून एक. 'तुंबाड'ची (२०१८) सुरुवातच दोन लहान भावांपासून होते, साखळदंडातली म्हातारी, रात्री तिला भरवायची वेळ. पुढे बापाचा हव्यास पोरात उतरतो. या पोराची, म्हणजे पांडुरंगची, भूमिका करणाऱ्या मोहम्मद समदने मेकअपखाली तीच म्हातारीही केली आहे. सिनेमाला 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र. म्हणजे पांडुरंगच्या वयाच्या पोराला थिएटरात प्रवेश नाही, आईबाप बरोबर असले तरी. अमेरिकेत सिनेमावर 'आर' हा मोठ्यांसाठीचा शिक्का असला तरी मुलांना पालकांसोबत जाता येतं. आपल्याकडे ती सोय हवी.

सीवूडची आई

'ए' तसाच राहू दे. मधल्या वयांसाठी सिनेमा प्रमाणपत्राच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने यूए ७+, १३+, १६+ असे टप्पे केलेत. ते पालकांसाठी शिफारस आहेत, दारावर कोणी अडवत नाही. म्हणून तर जबाबदारी आपली. तलावपाळी म्हणतात तसं शेजारी बसायचं असेल तर खरंच बसा. आमच्याकडे पोरं गच्चीवर सोडून आईबाप खाली जेवायला जातात.

कळव्याचा मास्तर

घोडबंदरकर, देल तोरोचं उदाहरण चांगलं आहे. तरी मी हटणार नाही. असा सिनेमा शंभरात एक, आणि पोरांच्या हाती लागतात ते उरलेले नव्याण्णव. 'सिक्स्थ सेन्स' बघून आई ऐकायला शिकेल म्हणता, पण मूल काय शिकतं? मेलेली माणसं दिसतात आणि त्यांचं ऐकलं की सगळं सुरळीत होतं. कोणाच्या घरी एखादं आजारी पोर खरंच असं बोलायला लागलं तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. तिथे या गोष्टीने वेळ गेला तर?

घोडबंदरकर

वेळ जातो तो पोराचं न ऐकल्याने, मास्तर. जे पोर घरात बोलू शकतं तेच डॉक्टरपर्यंत पोचतं. दिवाळीच्या सुट्टीत 'मकडी' पुन्हा सुचवणार आहे, नऊ वर्षांच्या वरच्यांसाठी. सिनेमा संपल्यावर अर्धा तास पोरांशी बोलायचं. तुम्ही कळव्याहून या, चेटकीण खोटी कशी हे तुम्हीच सांगा.

सीवूडची आई

वय ठरवलंत तर माझी हरकत नाही. पण चार वर्षांच्या पोराला "घाबरतोस काय, मुलगा आहेस ना" म्हणून दामटून बसवणारे बाप असतात. त्यांना गच्चीच्या दारातच परत पाठवायचं, आणि ते काम तुम्ही स्वतः करायचं.