अनुभव धागा: मंडळीतली तरुण मुलं आणि आपण

गेली अकरा वर्षं मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात सेवा करते. कार्यक्रम किती घेतले ते आठवत नाही, पण कोणकोण यायचं थांबलं ती नावं तोंडपाठ आहेत. म्हणून हा धागा. शिबिराला किती मुलं आली ते नको. एखाद्याच मुलाबद्दल, मुलीबद्दल लिहा, ओळख पटणार नाही अशा बेताने. हे काम मोठ्या माणसांचंच असतं असंही समजू नका. 1844 साली लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संस्था सुरू झाली तेव्हा ती सुरू करणारा जॉर्ज विल्यम्स 22 वर्षांचा होता, कापडाच्या दुकानात नोकरीला. बरोबर राबणाऱ्या पोरांनी एकत्र बसून बायबल वाचावं, प्रार्थना करावी, ही त्याची तळमळ.

सुरुवात माझ्यापासून. चौदा वर्षांची एक मुलगी. वडील गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ती अभ्यास संपल्यावर मागे थांबली. गीतपुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडायची, सरळ करायची, पुन्हा दुमडायची. मग म्हणाली, "ताई, आम्ही सगळ्यांनी एवढी प्रार्थना केली. मग?" मला ती शांतता सहन झाली नाही. मी लगेच रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला, सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं ते वचन. वचन खरंच आहे. पण तिने पुस्तक मिटलं, "हो ताई" म्हणाली आणि पुढे पाच महिने आली नाही.

मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. योहानाचा अकरावा अध्याय मी कितीदा शिकवला होता! शेवटी तिच्या घरी गेले. उत्तर द्यायची मी घाई केली, माझं चुकलं, असं सांगितलं. मग दोघींनी 88वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. ती म्हणाली, "हे बायबलमध्ये आहे?" मी फक्त मान हलवली. पुढच्या रविवारी ती आली.

*

आमच्या संघात एक मुलगा गायचा नाही, खेळायचा नाही. उभं राहून साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, तर दूरच. "मोकळा हो" म्हणून म्हणून आम्ही त्याला हैराण केलं होतं. एकदा साउंडवाले काका आजारी पडले आणि मिक्सरवर त्याला बसवलं. नेमकं प्रभुभोजनाच्या प्रार्थनेत माईकने अशी शिट्टी मारली की सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली. त्याचा हात मिक्सरच्या बटणावर तसाच थिजला. तेव्हा पंच कमिटीतल्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतल्या, एक बाई उठल्या, मागे गेल्या आणि उपासना संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. कमिटीच्या बैठकीत "पोरांच्या हाती कशाला देता" असा विषय निघाला, तेव्हा त्याच म्हणाल्या, पुढच्या रविवारीही तोच बसेल.

चार वर्षं झाली. सरावाच्या अर्धा तास आधी येऊन तो वायरी सोडवतो, कुठल्या माईकचा आवाज किती ठेवायचा ते वहीत लिहून ठेवतो. साक्ष त्याने अजून दिलेली नाही. मीही आता मागत नाही.

*

मी कॅथलिक. 2023च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनला जागतिक युवा दिनाला, कॅथलिक तरुणांच्या जगभरच्या मेळाव्याला, गेले होते. शनिवारी रात्री आराधनेच्या वेळी सुमारे 15 लाख माणसं, आणि एवढ्या गर्दीत ती शांतता! परतल्यावर आमच्या गटात आम्ही नऊ जण. पहिले दोन महिने फार जड गेले. लिस्बनच्या आठवणी काढून आम्ही आमच्याच बैठकीला नावं ठेवत होतो. फादरनी विचारलं, तिथलं नेमकं काय आवडलं? गाण्यांचं नाव कोणीच घेतलं नाही, घेतलं ते त्या शांततेचं. आता दर बैठकीत फोन टोपलीत ठेवून पंधरा मिनिटं गप्प बसतो. नऊ जणांतही जमतं ते.

*

कडू आहे, पण लिहिते. आमच्या आधीच्या मंडळीत संघाचा एक पुढारी मुलींना रात्री खाजगी मेसेज करायचा. "तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" इथून सुरुवात. एका मुलीने तोंड उघडलं तेव्हा मोठ्यांना पहिली काळजी मंडळीच्या नावाची. तिचं कुटुंब मंडळी सोडून गेलं. तो तिथेच राहिला.

आता मी जिथे आहे तिथे नियम भिंतीवर लावलेत. कोणीही मोठं माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटं बसणार नाही. मेसेज फक्त गटावर, आणि गटात पालकही. "मी कोणाला सांगणार नाही" असा शब्द मुलाला द्यायचा नाही. त्याला कोणी इजा करत असेल तर सांगावंच लागेल, हे आधीच बोलून ठेवायचं. तक्रार आली तर आपापसात मिटवायची नाही, पोलिसांकडे जायचं. काही जण म्हणतात, एवढे नियम म्हणजे विश्वास कमी पडला. जिचं कोणी ऐकलं नाही, त्या मुलीसमोर हे म्हणून बघा.

*

मी आता विश्वासात नाही. तरी लिहू का, असं विचारलं, तर ताई हो म्हणाल्या. एकोणिसाव्या वर्षी मी संघाच्या दादाला सांगितलं की मला हे पटत नाही. त्याने वाद घातला नाही. "बरं झालं, मला सांगितलंस" एवढंच. नऊ वर्षं झाली, दर वाढदिवसाला सकाळी त्याचा फोन येतो. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रभर बाकावर शेजारी तोच होता. प्रार्थना कर, असं मीच त्याला म्हटलं.

*

मी पाळक, म्हणजे मंडळीचा पास्टर, आहे. तरुण उपासनेत पेंगतात म्हणून आम्ही रागावतो. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय: पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौल भाषण सोडून खाली उतरला, त्याला कवटाळलं. झोपल्याबद्दल कोणी त्याला बोल लावल्याचं तिथे लिहिलेलं नाही. वीस वर्षं मी हा उतारा उलट्याच कामाला वापरला, त्याचं वाईट वाटतं. आता उपासना संपली की दाराशी उभं न राहता आधी मागच्या बाकांकडे जातो. मुलं तिथेच असतात.

*

वय 74, नातीकडून टाइप करून घेते आहे. माझ्या बायबलमध्ये दृढीकरण वर्गातल्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याची तयारी करणाऱ्या, 14 मुलांच्या नावांचा कागद आहे. दर आठवड्याला एकेकाला विचारते, तुझ्यासाठी काय मागू? आधी सगळे "आशीर्वाद" म्हणायचे. आता खरं सांगतात. एकाला गणिताची भीती, एकीच्या घरी आईबाबांची भांडणं. परवा एकाने उलट विचारलं, "आजी, तुमच्यासाठी काय मागू?" हे मला कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, रात्री झोप लागत नाही रे. त्याने खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, तर तळहातावर लिहून घेतलं.