घरगुती वीज मॉनिटरचा आकडा मीटरशी का जुळत नाही?

प्रश्न
मेन स्विचजवळच्या फेज वायरवर क्लॅम्प लावून मोबाईलवर वापर दाखवणारा मॉनिटर मी बसवला आहे. त्याचे महिन्याचे युनिट वीजमीटरपेक्षा दहा-बारा टक्के जास्त भरतात. नुसती इस्त्री चालू असताना दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. रात्री केवळ फ्रिज आणि पंखे चालू असताना मात्र तफावत फार वाढते. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर १
मीटरवर. मॉनिटरला व्होल्टेज मोजण्यासाठी वेगळी जोडणी नसेल, तर तो फक्त करंट मोजतो आणि त्याला एका ठरावीक व्होल्टेजने गुणून मोकळा होतो. इस्त्रीचा पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला खऱ्या वापराचा हिस्सा) १ असल्यामुळे तिथे हे खपून जाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर २३० व्होल्टवर १ अँपिअर घेत असेल आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.६५ असेल, तर खरा वापर सुमारे १५० वॅट असतो, पण मॉनिटर २३० नोंदवतो.

उत्तर २
वरील मत योग्य आहे. तथापि व्होल्टेजची जोडणी असली म्हणजे सर्व प्रश्न मिटला असे नाही. क्लॅम्पमुळे करंटच्या फेजमध्ये (व्होल्टेजच्या लहरीच्या तुलनेत करंटची लहर किती पुढे-मागे आहे त्यात) अवघ्या १ अंशाचा फरक पडला, तरी ०.५ पॉवर फॅक्टरला सुमारे ३ टक्के चूक होते. शिवाय १०० अँपिअरच्या क्लॅम्पने पाव अँपिअर नेमका मोजला जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. क्लॅम्पचे जबडे पूर्ण मिटले आहेत का, हेही अवश्य पाहावे, कारण फट राहिल्यास आकडा कमी येतो.

उत्तर ३
अंदाज बांधण्यापेक्षा पडताळणी करावी. मीटरवर एका युनिटमागे किती पल्स, हे छापलेले असते. समजा ते १००० आहेत. मग लुकलुकणाऱ्या लाल दिव्याच्या १०० पल्सना १८० सेकंद लागले, तर त्या वेळचा भार बरोबर २००० वॅट असतो. ही चाचणी एकदा फक्त हीटरवर आणि एकदा फक्त फ्रिजवर घ्यावी (कमी भाराला वेळ बराच लागतो).

प्रश्नकर्ता
माझ्या मॉनिटरला क्लॅम्पखेरीज दुसरी कोणतीही वायर नाही. ॲपमध्ये सरसकट दहा टक्के वजा करण्याची सोय आहे. ती वापरावी का?

उत्तर १
वापरू नये. कोणती उपकरणे चालू आहेत त्यानुसार चूक बदलते, त्यामुळे सरसकट वजावटीने इस्त्रीचा आज बरोबर येणारा आकडाही बिघडेल.