वायपरची मोटर बदलण्याआधी रिले उघडून बघा

तुमच्या जुन्या गाडीचा वायपर स्लो आणि फास्ट नीट चालतोय, फक्त थांबून-थांबून फिरणारा मोड मनाला येईल तसा चालतो आणि मेकॅनिक मोटर बदला म्हणतोय, म्हणताय; म्हणजे मोटर बहुधा ठणठणीत आहे. मेकॅनिक काहीही म्हणो, ती लगेच बदलू नका.

जुन्या गाड्यांत दोन फेऱ्यांमधला वेळ रिलेमधला (म्हणजे वायपरची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीतला) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, ठरवतो. तो रेझिस्टरमधून (वीज हळू सोडणाऱ्या भागातून) चार्ज होईपर्यंत वायपर थांबतो. वर्षांनुवर्षांनी कपॅसिटर सुकतो, डाग दिलेले (सोल्डर केलेले) सांधे तडकतात. माझ्या जुन्या टू-सीटरला रत्नागिरीत हेच झालं. नवा कपॅसिटर, पुन्हा डाग, काम फत्ते. नवीन बसवताना प्लस-मायनस मात्र बघा.

बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच अडकत असेल तर मोटरमधला पार्किंग स्विच (वायपरला ठरलेल्या जागी आणून थांबवणारा) साफ करा. आणि अर्थिंगचा नट (जिथे तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तो) घासाच, खारा वारा तिथेच आधी गंज चढवतो. पावसाआधी उरका हो!