मदत हवी आहे: गडद निळ्या फायबर होडीचा रंग पांढरट पडतोय

देवबागकर
तातडीने मदत हवी आहे. आमची २४ फुटी फायबरची होडी आहे, गडद निळी. रंग पार गेलाय. हात फिरवला की तळव्याला निळसर भुकटी लागते. पाण्याने धुतली की नव्यासारखी दिसते, वाळली की परत राखेसारखी. रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून झालं, वॅक्स मारून झालं, तीन आठवड्यांत पुन्हा तेच. काल नाळेजवळचा (पुढच्या टोकाजवळचा) जुना नंबराचा स्टिकर काढला, तर खाली आकडे जसेच्या तसे गडद निळे निघाले आणि आजूबाजूला सगळं फिकट. बघून जीव तुटला. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतील, त्याआधी काय लावू ते नेमकं सांगा. ‘नवीन घे’ असं कृपया सांगू नका.

खाडीवाला
जेलकोट आहे की वरून रंग मारलाय? किती वर्षांची होडी? उभी कुठे असते? कंपाउंड हाताने घासलंस की मशीनने? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

देवबागकर
फायबर आहे असं लिहिलंय ना वर. ८ वर्षांची. सीझनला खाडीत नांगरून, पावसाळ्यात वाडीत माडाखाली, वर ताडपत्री. मशीन गाड्यांच्या गॅरेजमधून आणलं होतं. आता उपाय सांगा.

चकाचक_ठाणे
सिरॅमिक कोटिंग करून घ्या, विषय संपला. मी माझ्या काळ्या गाडीला केलं, तीन वर्षं झाली, अजून आरसा. गडद रंगाला दुसरा पर्याय नाही.

खाडीवाला
गाडी रात्री पार्किंगमध्ये असते. होडी दिवसभर उघड्यावर, वरून ऊन आणि खालून पाण्यावरून परतणारं ऊन. शिवाय मेलेल्या थरावर कोटिंग मारलं तर ते त्या भुकटीलाच चिकटणार आणि तिच्यासोबतच निघणार.

देवबागकर, आधी हे का होतं ते समजून घे. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. होडी बनवताना साच्यात सगळ्यात आधी हाच थर मारतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरवरचं रेझिन तुटत जातं, मग रंगाच्या कणांना धरून ठेवायला काही उरत नाही. तीच तुझ्या तळव्याची भुकटी. पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं, म्हणून ओली होडी गडद दिसते. पांढऱ्या होडीचंही असंच होतं, पण पांढऱ्यावर पांढरं दिसून येत नाही. आणि गडद रंग तापतो जास्त. दुपारी दोनला निळ्या कडेवर हात ठेवून बघ, टेकवत नाही.

एक बाजू जास्त खराब आहे का?

देवबागकर
हो, डावी. नाळ उत्तरेला करून नांगरतो, डाव्या बाजूला दुपारनंतरचं ऊन. वरच्या रबराच्या पट्टीखाली चार बोटं रंग अजून चांगला आहे.

मूळ_मालवण
झिला, आमच्या वेळेक लाकडाची होडी. पाऊस संपलो की आमी काजीचा तेल नायतर मोरी माशाचा तेल लावायचो. बापाशीची होडी तीस वर्सां चलली. ह्या कंपाउंड-बिंपाउंड काय नको. तेल लाव, चकाकता की नाय बघ.

रंगारी_रत्नागिरी
काका, लाकूड तेल पितं म्हणून टिकतं. फायबर पीत नाही. तेल वर बसून राहील, दोन दिवस चमकेल, मग वाळू आणि धूळ चिकटून काळं होईल. आणि पुढे रंग मारायचा झाला की त्या तेलावर काहीच धरणार नाही. पिवळट डाग असतील तर टॉयलेट क्लीनर मारा, फायबर दुधासारखं निघतं.

खाडीवाला
टॉयलेट क्लीनर अजिबात नको. त्यातल्या अ‍ॅसिडने स्टीलचे बोल्ट आणि दोर बांधायचे क्लीट खराब होतात. गंजाचा डाग असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण, तेवढ्याच जागी, हातमोजे घालून. पण त्याने डाग जातात, गेलेला रंग परत येत नाही. इथला प्रश्न रंगाचा आहे.

रंगारी_रत्नागिरी
१५ वर्षं होड्या रंगवतोय, एकही बोल्ट खाल्ला गेला नाही.

सिअ‍ॅटलकर
आमच्याकडे हिवाळ्यात बोटी बाहेर काढून श्रिंक रॅप करतात. मशीनने गरम हवा देऊन प्लास्टिक घट्ट बसवतात, आत हवा खेळायला झडपा ठेवतात. तसं करून बघा.

देवबागकर
इथे हिवाळ्यातच धंदा असतो हो.

किनारपट्टी
तळाला शिंपले धरू नयेत म्हणून अँटिफाउलिंग रंग मारता का? शिंपले धरले की होडी जड होते, डिझेल जास्त जातं. आम्ही दर सीझनला मारतो. आधी ते बघा, रंग नंतर.

खाडीवाला
तो पाण्याखालच्या भागाचा विषय, इथे पाण्याच्या वरचं चाललंय. देवबागकर, दोन गोष्टी सांग. ताडपत्री अंगाला टेकलेली असते का? टेकली की आत ओल कोंडते आणि चट्टे पडतात, बांबूची चौकट करून वर टाकायला हवी. आणि नाळेवर खोल ओरखडा असेल तर जवळून फोटो टाक.

देवबागकर
टेकलेलीच असते. फोटो टाकलाय. नाळेच्या धारेवर मशीन लागलं होतं, तिथे आत पांढरं दिसतंय. ते काय आहे?

खाडीवाला
मला हीच शंका होती. निळ्याच्या खाली पांढरा जेलकोट आहे. होडी पांढरी बनलेली, निळा नंतर कोणीतरी मारलेला रंग आहे. जुनी घेतली होती का?

देवबागकर
हो, वडिलांनी दुसऱ्याकडून घेतली होती. तेव्हा पांढरी होती, निळी आम्हीच करून घेतली. हे लिहायला हवं होतं का? रंग तर होडीचाच आहे ना.

खाडीवाला
हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. जेलकोट घासून खालचा ताजा थर काढता येतो. रंगाचा थर केसाएवढा असतो, मशीनखाली निघूनच जातो. तुझं तेच झालं.

आता रंग कोणता ते बघ. रबराच्या पट्टीखाली, दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धर. रंग मऊ होऊन फडक्याला लागला तर साधा ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर दोन भागांचा (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन असणार, तो हलक्या पॉलिशने परत आणता येईल.

रंगारी_रत्नागिरी
इतकं कशाला? वरून सरळ पीयू मारायचा.

खाडीवाला
ऑइल पेंटवर पीयू मारला की त्याचा कडक थिनर खालचा रंग उचलतो आणि सुरकुत्या पडतात. १५ वर्षांत हे पाहिलं असेलच तुम्ही.

रंगारी_रत्नागिरी
सुरकुत्या येतात, ते मान्य. पण मग पांढराच करा. तापणार नाही, भुकटी दिसणार नाही.

देवबागकर
पांढरी नको. वडिलांची पहिली लाकडी होडी निळी होती. जेटीवर लोक ‘निळी होडी’ म्हणूनच आमची चौकशी करतात. वडील आता नाहीत.

फडकं चिकट झालं, सगळं निळं लागलं. म्हणजे ऑइल पेंट.

रंगारी_रत्नागिरी
मग निळीच करू. माझा शब्द मागे. सगळा ऑइल पेंट घासून काढायला लागेल, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग २२०. पेंट रिमूव्हर लावू नका, जेलकोट मऊ करतो. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ३२० ने घासणं, मग अ‍ॅलिफॅटिक पीयूचे दोन-तीन हात. दुकानात हा शब्द आवर्जून सांगा, स्वस्त पीयू उन्हात पिवळा पडून मरतो. प्रायमर तसाच उघडा ठेवायचा नाही, एपॉक्सी उन्हात भुकटी होतो. प्रायमर, रंग, थिनर एकाच कंपनीचे.

खाडीवाला
यावर माझं काही दुमत नाही. घासण्याआधी गोड्या पाण्याने मीठ पूर्ण धुवून काढ, नाहीतर प्रायमरखाली फोड येतील. पाऊस पूर्ण थांबू दे, पीयूला ओल चालत नाही. सकाळचं दव वाळल्यावर सावलीत सुरुवात आणि दुपारपर्यंत हात संपलेला, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी रंग धरेल. स्प्रे करू नकोस, त्याची वाफ फुप्फुसाला फार वाईट आणि धुळीचा मास्क तिला अडवत नाही. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून कोरड्या ब्रशची हलकी ओढ द्यायची. रोलरलाही मोकळी हवा आणि सेंद्रिय वाफेचा फिल्टरवाला मास्क.

नंतर रोज गोड्या पाण्याने धुणं, कपडे धुण्याची पावडर बंद, दर दोन महिन्यांनी पॉलिमर सीलंटचा संरक्षक थर. कंपाउंड परत हातात घेऊ नकोस. आणि नांगरताना तोंड आलटून पालटून ठेवता आलं तर ठेव.

पर्यटक_पुणे
डॉल्फिन दिसतात का हो हमखास? आम्ही आठ जण आहोत, नोव्हेंबरमध्ये यायचंय.

देवबागकर
डॉल्फिन सकाळी लवकर बऱ्याचदा दिसतात, हमखास सांगत नाही. व्यनि (खाजगी मेसेज) करा.

खाडीवाला, रंगारीदादा, आज पट्टीखाली हातभर जागा १२० ने घासून पाहिली. खाली पांढरा जेलकोट कडक आहे, भुकटी नाही. पाऊस थांबला की मावसभावाला घेऊन डाव्या बाजूपासून सुरू करतो. ताडपत्रीसाठी बांबू आजच तोडले.

रंगारी_रत्नागिरी
घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी फोटो टाका. कुठे खोल चरा असेल तर एपॉक्सी पुट्टी तेव्हाच भरायची.