हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम, लेकीला घेऊन पहिल्यांदाच

प्रश्न:
डिसेंबरअखेर पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहायचंय. सोबत बायको आणि ९ वर्षांची लेक. तंबू नवाकोरा, अजून उघडलेलाही नाही. थंडीसाठी काय न्यावं? तंबू कोकणकड्याजवळ लावला तर चालेल?

उत्तर १:
कड्याजवळ नको, लेक सोबत असताना तर नकोच. दरीतून येणाऱ्या वाऱ्याने माझ्या तंबूच्या खुंट्या उपटल्या होत्या. रात्री दोनला कापड अंगावर, आणि बाहेर कडा कुठे हे दिसत नव्हतं. त्या रात्रीची भीती अजून आठवते. तुम्ही मंदिराकडे आडोशाला लावा, सूर्यास्त बघून उजेडातच कड्यावरून परता.

तंबू आधी गच्चीवर एकदा लावून बघाच.

थंडी खालून जास्त लागते. म्हणून पांघरुणाआधी अंगाखाली फोमची मॅट हवी. झोपायचे कपडे वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. चढताना घामेजलेले अंगावर ठेवून झोपू नका. लेकीला कानटोपी, लोकरीचे मोजे. आणि कितीही गारठलात तरी तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका, बंद जागेत त्यातून निघणारा, न दिसणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) जीव घेतो.

उत्तर २:
टाक्यातलं पाणी उकळूनच प्या. वर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी मिळते, पण आधी पाचनईत विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता:
रविवारी गच्चीवर लावतो. टॉर्च दोन पुरतील?

उत्तर १:
तिघांना तीन. लेकीची तिच्याच गळ्यात.