बाबांची पल्स वेव्ह १७८० आली, पण एबीआय १.४६ आहे म्हणजे पाय चांगले ना?

पिंपळपान
बाबा ६३ वर्षांचे, शुगर १५ वर्षांपासून, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४. परवा चेकअपला दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून एक टेस्ट केली, त्यात पल्स वेव्ह व्हेलॉसिटी, म्हणजे नाडीची लाट धमन्यांतून जाण्याचा वेग, १७८० सेंमी प्रति सेकंद आली आणि खाली लिहिलंय धमन्या कडक झाल्यात. नेटवर बघितलं तर १० मीटरच्या वर गेलं की हार्टला धोका, आणि यांचे तर जवळपास १८ मीटर होतात, काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. त्यातल्या त्यात एबीआय (घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी) १.४६ आहे, ०.९ च्या खाली गेला तर पायात ब्लॉकेज असं वाचलं, मग पायांची तरी काळजी नाही ना? बीपी १५८/६४ आहे. बाबा म्हणतात खालचं आधीच कमी आहे, बीपीची गोळी बंदच करतो.

डॉप्लरवाला
ताई, आधी गोळी बंद करू देऊ नका, बाकी सगळं नंतर.
मी याच टेस्ट करतो रोज. ते १० मीटर जे वाचलंत ते मान आणि जांघ अशा दोन ठिकाणी नाडी पकडून मोजतात त्या टेस्टचं आहे. दंड-घोटा टेस्टमध्ये पायाच्या लांब धमन्या पण येतात, त्या मुळातच महाधमनीपेक्षा कडक, त्यामुळे आकडा मोठाच येतो, दोन्हींची तुलना करायची नाही. या टेस्टला १४०० च्या पुढे जास्त आणि १८०० च्या पुढे खूप जास्त धरतात. म्हणजे १७८० चांगला नाहीच, पण तुम्ही समजताय तेवढं भयंकर पण नाही.
मला काळजी वाटते ती १.४६ ची. शुगर जुनी झाली की पायाच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसतं, मग पट्टा २५० पर्यंत फुगवला तरी धमनी दबतच नाही, डॉप्लर प्रोबमधून रक्त वाहण्याचा सूं सूं आवाज येतच राहतो आणि घोट्याचं प्रेशर खोटंच जास्त दिसतं. १.४ च्या वर एबीआय गेला की त्यावरून ब्लॉकेज नाही असं म्हणताच येत नाही. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर करून घ्या, तिथल्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठ्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर, हा इंडेक्स ०.७ च्या खाली आला तर पुढचा तपास लागतो.

सावली_७
बीपीबद्दल लिहिते. १५८ मधून ६४ गेले की ९४, हा मधला फरकच सांगतो की धमनी ताठ झालीये. चांगली महाधमनी ठोक्याला फुगते आणि मग हळूहळू आकसत रक्त पुढे ढकलत राहते, म्हणून खालचं बीपी टिकतं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की भिंतीतले कोलॅजनचे धागे एकमेकांना चिकटतात, मग फुगणंही नाही आणि आकसणंही नाही, वरचं चढतं, खालचं पडतं. आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे जोर जास्त लावायचा आणि पुरवठा कमी. म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, उभं राहिल्यावरचं बीपी पण मोजायला सांगा. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन जातंय का ते) तपासलंय का? ताठ धमनीचा मारा किडनीवर लवकर बसतो.

रोजचाचालणारा
मला शुगर होऊन १८ वर्षं झाली. पहिली १० मी फक्त शुगरचा आकडा बघितला, बीपी आणि कोलेस्टेरॉल कधी मनावरच घेतलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. बाबांचं स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे का ते विचारा. आणि पल्स वेव्ह परत कराल तेव्हा आधी दहा मिनिटं शांत बसवा, चहा-कॉफी-सिगारेट नको, त्या वेळी बीपी चढलेलं असेल तर हा आकडा पण चढतो.

पिंपळपान
खूप खूप आभार सगळ्यांचे. सकाळची गोळी घेतली त्यांनी. अंगठ्याच्या टेस्टचं उद्या विचारते, अल्ब्युमिन वर्षभर झालेलंच नाही. चालताना पोटरी दुखत नाही म्हणतात, टाचेला एक भेग आहे फक्त, तीही दुखत नाही.

डॉप्लरवाला
दुखत नाही यावर जाऊ नका, शुगरमुळे पायाची जाणीवच गेलेली असू शकते. ती भेग उद्याच डॉक्टरांना दाखवा, टेस्टच्या तारखेसाठी थांबू नका.